रविवारचे दूरदर्शन आणि लेकीचा प्रश्न

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात पालकांपुढे भाषण म्हटले की विषय अभ्यासाचा, गुणांचा किंवा स्पर्धा परीक्षांचा असावा, अशी अपेक्षा असते. आजचा विषय आहे दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथा आणि सुट्टीच्या दिवशीची सहल. हा विषय करमणुकीचा वाटेल, आणि तो करमणुकीचा आहेच. परंतु ज्या घरात आठ-नऊ वर्षांची मुलगी आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी या करमणुकीकडे थोडे गांभीर्याने पाहावे, एवढ्यासाठी तो निवडला आहे.

उदाहरण मुद्दाम महाराष्ट्राबाहेरचे, म्हैसूरचे घेतले आहे. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. १९५० साली तिथे केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आली, १९६९ साली भारतीय भाषा संस्थान आले. अशा निमित्तांनी नोकरीसाठी येऊन स्थिरावलेली घरेही आहेत. तिथल्या मुलीची मराठी उंबरठ्याच्या आत असते. अंगणात आणि बाजारात कन्नड, पुस्तकांत पुष्कळदा इंग्रजी. एखादी अवघड कल्पना मराठीत समजावून द्यायला तिथे शाळा नाही, फलक नाही, वर्तमानपत्रही सहजी नाही. जे काही आहे, ते आईबाबांच्या तोंडी आहे.

गेल्या शतकातील ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचे असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. रविवारची सकाळ आहे. दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागले आहे. अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेलेली ही मालिका आपल्याकडे पोचायला पंधरा-वीस वर्षे लागली, पण टोकदार कानांचा स्पॉक आणि एंटरप्राइज नावाचे यान यांचे नवेपण मुलांच्या लेखी तसूभरही कमी झालेले नव्हते. संवाद इंग्रजीत, तेही भरभर. लेक दर दोन मिनिटांनी विचारते, “बाबा, तो काय म्हणाला?” बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवून सांगू लागतात. यानाभोवतीच्या संरक्षक कवचाला ते ‘अदृश्य कुंपण’ म्हणतात. एका ठिकाणची माणसे विरघळून दुसऱ्या ठिकाणी उभी राहतात, तिथे त्यांना शब्द सापडत नाही, म्हणून ते साखर पाण्यात विरघळण्याचा दाखला देतात. लेक लगेच विचारते, “मग पाणी आटवल्यावर साखर परत मिळते, तसा माणूस परत मिळतो?” त्या मालिकेत परग्रहावरची भाषा क्षणात उलगडून देणारे एक यंत्र होते. म्हैसूरच्या त्या घरात ते काम बनियन घालून बसलेल्या बाबांनी केले. सोमवारी हीच कथा लेक मैत्रिणींना कन्नडमध्ये सांगणार असते. इंग्रजीतून निघालेली गोष्ट कन्नडात पोचायच्या आधी मराठीत समजून घेतली गेली, हे त्या घरात कोणाच्या लक्षातही आले नसेल.

या मालिकेतील यानावर उहुरा नावाची एक स्त्री अधिकारी होती. तिच्याकडे संपर्कयंत्रणेचे काम होते. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला नासाने १९७७ साली एका मोहिमेत सामील करून घेतले. स्त्रियांनी आणि कृष्णवर्णीयांनी अंतराळवीर होण्यासाठी अर्ज करावेत, हे आवाहन तिने देशभर केले. १९७८ साली निवडलेल्या पस्तीस जणांत सहा स्त्रिया होत्या. त्यांतली सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात गेली. लहानपणी उहुराला पाहून ज्यांना बळ आले, त्या मे जेमिसन १९९२ मध्ये अंतराळात गेल्या आणि पुढच्याच वर्षी ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत छोट्या भूमिकेत दिसल्या. आता आपल्या घरांकडे पाहावे. मालिका ऐन रंगात आली की भाऊ पडद्यासमोर बसून राहतो आणि बहिणीला कोथिंबीर निवडायला हाक येते. ही हाक बहुधा प्रेमळ असते, तिच्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. म्हणूनच ती मोडणे अवघड जाते. कोथिंबीर पडद्यासमोर बसून निवडता येते, आणि भावालाही निवडता येते.

लेकीचा पुढचा प्रश्न त्या घराला बाहेर काढणारा ठरतो. “हे चित्र आपल्या घरात येते कुठून?” या प्रश्नाचे उत्तर एखाद्या विज्ञानकथेहून कमी नाही. पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या वर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो, त्यामुळे तो खालून एका जागी स्थिर दिसतो. अशा तीन उपग्रहांनी जगभर संदेश पोचवता येतील, हे १९४५ साली लिहून ठेवले ते विज्ञानकथालेखक आर्थर सी. क्लार्क यांनी. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर आपल्या देशात उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेडी त्यात होती, आणि कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा व रायचूर हे जिल्हेही होते. त्या वेळी श्रीलंकेत राहणाऱ्या क्लार्क यांच्या घरी आपल्या अभियंत्यांनी ॲन्टेना बसवून दिली. तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली कल्पना त्यांनी स्वतःच्या घरात बसून पाहिली.

पुढे ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘चॅलेंजर’ यानातून ‘इन्सॅट-१ बी’ निघाला, आणि दिल्लीचे कार्यक्रम त्याच्यामार्फत देशभरच्या केंद्रांना मिळू लागले. त्या उपग्रहाला सांभाळणारे, त्याला जागेवर ठेवणारे मुख्य नियंत्रण केंद्र कर्नाटकातच हासनला आहे. म्हैसूरहून ते जेमतेम सव्वाशे किलोमीटर. खोट्या यानाची गोष्ट खऱ्या यानाने वर नेलेल्या उपग्रहावरून घरात यायची, आणि त्या उपग्रहाची दोरी शेजारच्या जिल्ह्यात होती! म्हैसूरची माणसे बेलूर-हळेबीडची देवळे पाहायला हासनवरूनच जातात. वाटेत “इथून आपला उपग्रह सांभाळतात” एवढे एक वाक्य उच्चारायला पैसे पडत नाहीत. केंद्राच्या आत प्रवेश मिळो न मिळो, ते वाक्य ऐकलेली मुलगी बेलूरची बाराव्या शतकातली शिल्पेही वेगळ्या नजरेने पाहते. तेव्हाच्या माणसांनी मोजमाप कसे केले असेल, असे विचारते.

विज्ञानमालिकांत चुका पुष्कळ असतात. त्यावरून नाक मुरडणाऱ्या सुशिक्षित पालकांची संख्याही कमी नाही. वास्तविक चुका शोधणे हाच घरातला सर्वांत रंगणारा खेळ आहे. निर्वात पोकळीत यान फुटले तर स्फोटाचा आवाज येणार नाही. यानात माणसे जमिनीवर चालावीत तशी का चालतात, यालाही सरळ उत्तर नाही. गुरुत्वाकर्षणाबद्दल व्याख्यान देण्याऐवजी मुलीला चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या चढायला न्यावे. चढणाऱ्याला सातशे पायऱ्यांच्या आसपास भव्य नंदी भेटतो, तोवर पृथ्वी आपल्याला किती जोराने ओढते हे पोटऱ्यांना समजलेले असते. वर पोचल्यावर “कॅप्टन कर्कला हे कधी करावे लागले नाही,” असे आई म्हणाली तर हशा पिकतो, आणि धडाही झालेला असतो.

रविवारी संध्याकाळी राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे एकदम लागतात. गर्दी एका सुरात उद्गारते. म्हैसूरच्या मुलांना हे दृश्य इतके सवयीचे की त्याविषयी प्रश्नच पडत नाही. पण सकाळी यानातले दिवे पाहिलेली मुलगी विचारू शकते, की ही वीज येते कुठून. तेव्हा पुढच्या सुट्टीचा बेत ठरतो शिवनसमुद्रमचा. कावेरीच्या त्या धबधब्यावर १९०२ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि तारांवरून सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना नेली गेली. त्या काळी ते साहस जगाच्या कौतुकाचा विषय होते. तीन वर्षांनी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले.

मराठीत हे सारे सांगता येते का, असा संशय मराठी माध्यमाच्या पालकांनाही अधूनमधून छळतो. जयंत नारळीकरांचे बालपण वाराणसीत गेले. घरात मराठी, भोवती हिंदी. केंब्रिजहून परतलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठीत लिहिली, तीही आपली आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. पहिले पारितोषिक जगतापांना मिळाले. पुढे मोठेपणी स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर येईल, त्याखाली सही असेल.

आता पडदा हातात आला आहे आणि घरातला प्रत्येक जण वेगळ्या खोलीत वेगळी मालिका पाहतो. “तो काय म्हणाला?” हे विचारायला शेजारी कोणी नसते. खाली अक्षरे उमटतात, म्हणून विचारण्याची गरजही भासत नाही. म्हैसूरच्या त्या बाबांना साखरेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. त्यांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, “मलाही ठाऊक नाही. दुपारी वाटीभर पाणी आटवून बघू.” पाणी आटले, साखर करपली, वाटी घासायला दोन दिवस लागले. पुढच्या खेपेला लेकीने वाटी गॅसवर न ठेवता गच्चीवर उन्हात ठेवली.