बंदुकीची पारख

बंदूक विकत घेणारा गृहस्थ प्रथम तिची किंमत विचारतो, नंतर ती किती दूर मारते हें विचारतो. तिची गोळी चुकली तर ती कोठें जाऊन थांबेल, हें विचारणारा विरळा. वसई-विरारच्या मुलखांत मात्र हाच प्रश्न पहिला यावयास हवा. पश्चिमेस समुद्र, उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस वसईची खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचें रान. आणि या चौकटींत केळीच्या बागा, पानवेलींचे मळे, चाळी, उंच इमारती व आगगाडीचे रूळ एकमेकांस खेटून आहेत. येथें सुटलेल्या गोळीला ओसाड जागा सांपडेलच असें नाहीं.

या भूमीला बंदुकीचे बार नवे नव्हेत. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसईचा किल्ला घेतला, तो काळ तोड्याच्या बंदुकीचा. पेटता तोडा रंजकावर टेकला कीं बार उडे. पण तोडा भिजला कीं ती बंदूक आणि एखादा सोटा यांत फारसा भेद उरत नसे. कोंकणचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला मोहीम पावसाळ्यापूर्वीं आटोपण्याची निकड वेगळी सांगावयास नको. अखेर तटाला खिंडार पडलें तें सुरुंगांनीं, आणि मे महिन्यांत पोर्तुगीजांनीं शरणागति पत्करली.

तोड्याच्या बंदुकीच्याच वंशांतली ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडांतून दारू ओतावी, बोळा ठासावा, छर्रे घालावे, पुन्हां ठासावें आणि टोपी चढवावी, इतका खटाटोप एका बाराला! तो चुकला तर डुकराला भाताचें खाचर ओलांडून जाण्यास भरपूर अवकाश मिळतो. तरीहि शेतराखणीला हें हत्यार हलकें मानूं नये. मार जवळचा, खर्च थोडा; आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानेंहि पिकांच्या रक्षणासाठीं तिचा निराळा उल्लेख केला आहे. तिचा खरा शत्रु म्हणजे अंदाजानें भरलेली दारू. मापाऐवजीं मुठीनें दारू घालणाऱ्याची नळी फुटते, डोळा जातो आणि दोष मात्र लोहाराच्या माथीं येतो.

जाणत्यांची पसंती पडते ती बारा बोअरच्या दुनळीला. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर एकीचा जो व्यास होईल तेवढें त्या नळीचें तोंड. बहुधा एक नळी मोकळी व दुसरी तोंडाशीं किंचित् आंवळलेली असते. जवळच्या नेमाला पहिली, लांबच्याला दुसरी. चाळीस यार्डांच्या पलीकडे बारीक छर्रे विखुरतात व त्यांचा जोर ओसरतो. दुकानांत हा तिचा दोष म्हणून सांगतात. दाट वस्तींत तोच तिचा गुण आहे. पट्ट्या पिळून घडविलेली, अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेली जुनी नळी मात्र काळ्या दारूच्या काळची. आजच्या धूरविरहित काडतुसाचा दाब तिला सोसेलच असें नाहीं. ती भिंतीवर फार शोभून दिसते, आणि तिनें तेथेंच राहावें.

रायफलीची गोष्ट वेगळी. अगदीं लहान, बावीस बोअरची गोळीहि मैलाहून अधिक जाऊं शकते. इछापूरच्या कारखान्यांतील ३१५ बोअरची रायफल तर याहून कितीतरी जोरकस. इंग्रजी अमदानींत लष्करी मापाचें काडतूस खाजगी हातीं जाऊं नये म्हणून हें निराळें माप प्रचारांत आलें. हत्यार उत्तम, परंतु निशाणामागें मातीचा भक्कम बांध असेल तेथेंच.

जवळ बाळगावयाच्या शस्त्रांत कानपूरचें बत्तीस बोअरचें रिव्हॉल्व्हर पुष्कळांच्या परिचयाचें आहे. २०१४ सालीं स्त्रियांच्या संरक्षणाचें साधन म्हणून तेथूनच ‘निर्भीक’ हें सुमारें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर निघालें. हलकेपणा खिशाला सुखाचा, पण हाताला नव्हे. हलकें शस्त्र अधिक उसळतें आणि नेम अधिक सराव मागतो. शिवाय संध्याकाळच्या विरार गाडींत जेथें हात वर काढणें मुष्किल, तेथें कमरेच्या शस्त्राचा उपयोग धन्याला होईल कीं खिसेकापूला, हा विचार करण्यासारखा आहे.

वसईची खारी हवा तर साऱ्यांचीच परीक्षा घेते. काळ्या दारूची राख हवेंतलें पाणी ओढून घेते. नळी त्याच दिवशीं गरम पाण्यानें धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात फिरविला नाहीं तर लवकरच तांबेरा धरतो. पावसाळ्यांत बंदूक चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये, कारण चामडें ओल धरून ठेवतें. कागदी काडतुसें फुगून नळींत अडकतात. तीं घट्ट झांकणाच्या डब्यांत, बंदुकीपासून वेगळीं व कुलुपांत असावींत.

शिकारीचा प्रश्न आतां उरलेला नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ती बंद झाली, आणि तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. शेत नासणारा रानडुक्करहि रीतसर परवानगीवांचून मारतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें सामान्य परवानाधारकास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवतां येतात. तेव्हां बहुतेक घरांत प्रश्न येतो तो आजोबांच्या बंदुकीचा. धनी वारला, परवाना सरला आणि बंदूक कपाटाच्या मागें उभी, अशी स्थिति असेल तर तें ठेवणें हाच गुन्हा ठरतो. ती पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला पुढें स्वतःच्या नांवें परवाना मागतां येतो. मात्र तिला हात लावण्यापूर्वीं जाणकाराकडून नळी रिकामी आहे याची खात्री करून घ्यावी. ज्यानें ती शेवटची भरली, तो सांगावयास घरांत नसतो.