उन्हापासून त्वचेचे रक्षण

(गढा, जबलपूर येथील नागरिकांसाठी भाषण)



आपले जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस वसले आहे. जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. मदनमहालच्या टेकडीवर तेव्हा स्वतःची सावलीही पायाखाली जाते. तरी “सावळ्या कातडीला ऊन काय करणार?” असे आपण म्हणतो. हे अर्धसत्य आहे. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य अतिनील किरण बरेचसे अडवते, म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग गौरवर्णीयांच्या मानाने कमी आढळतो. परंतु ते कवच अपुरे असते, आणि कोडाच्या पांढऱ्या डागांवर तर नसतेच.

प्रथम सावली, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर पदर किंवा रुंद काठाची टोपी. उरलेल्या उघड्या भागावर एसपीएफ 30 वा अधिक असलेले सनस्क्रीन, बाहेर पडण्यापूर्वी 15 ते 20 मिनिटे लावावे. चेहरा व मान यांसाठी चहाचा एक चमचा भरून लागते. आपण हरभऱ्याएवढे लावतो, मग डबीवरील आकड्याला अर्थ उरत नाही. दर 2 तासांनी, घाम आल्यास त्याआधीही, पुन्हा लावावे. 6 महिन्यांखालील बाळाला मात्र सावलीतच ठेवावे.

सावळ्या त्वचेत मेलॅनोमा हा घातक कर्करोग पुष्कळदा तळपायावर वा नखाखाली उद्भवतो. भाजल्याच्या जुन्या व्रणातही कर्करोग होऊ शकतो. तेथे सनस्क्रीनचा उपयोग नाही. महिनाभर न भरणारी जखम, वाढत जाणारा काळा डाग किंवा नखातील नवी काळी रेघ दिसल्यास घरगुती लेप लावीत न बसता येथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे.