ऊब राखणं हे भूलतज्ज्ञाचं काम

(शिरोळ येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



एप्रिलच्या या उकाड्यात थंडीवर बोलणारा वक्ता बोलावलात, तुमच्या धाडसाला दाद द्यायला हवी. (हशा) पत्रिकेवर विषय छापलाय 'भूलशास्त्र आणि अंतःस्रावी ग्रंथी'. नाव जड आहे. मला त्यातलं एवढंच सांगायचंय, की भूल दिलेल्या माणसाचं तापमान मोजलं पाहिजे आणि राखलं पाहिजे. जिथे जाईन तिथे मी हेच सांगतो. घरचे आता ऐकत नाहीत, म्हणून तुमच्याकडे आलो.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत की! सर्जनचं नाव आठवतं? आठवतंय सगळ्यांना. आणि भूल कुणी दिली? बघा, शांतता. (हशा) मिरज आपल्या शेजारी. डॉ. वानलेस यांनी 1894 साली तिथे मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून या भागातला माणूस मोठं दुखणं आलं की मिरजेची वाट धरतो. वानलेसांच्या नावानं वाडी वसली. भूल देणाऱ्याच्या नावानं गल्लीसुद्धा नाही. तक्रार नाही करत. म्हणजे, थोडी करतोय.

शाळेतलं परत शिकवत बसत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतो, हे इथल्या दहावीच्या पोरांनाही येतं. पुढचं बघू. या कामात हार्मोनांचा मोठा हात असतो. थायरॉइडचं काम सावकाशीचं. पेशींनी रोज किती इंधन जाळायचं ते तो ठरवतो. म्हणून थायरॉइड कमी असलेल्या बाईला मे महिन्यातही पांघरूण लागतं आणि वाढलेल्याला पौषातही घाम फुटतो. तातडीचं काम अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचं. थंडी वाजली की त्यांच्यामुळे कातडीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ऊब पोटाछातीत कोंडून राहते.

जागेपणी अर्ध्या अंशाचा फरकही हायपोथॅलॅमस खपवून घेत नाही. पूर्ण भूल दिली की तोच चार अंशांपर्यंत गप्प बसतो. आवळलेल्या वाहिन्या सैल पडतात. हातपाय एरवीही पोटाछातीपेक्षा दोन ते चार अंशांनी गार असतात. आतलं गरम रक्त तिकडे उतरतं आणि पहिल्या तासातच आतलं तापमान एक ते दीड अंशानं खाली येतं. लोक एसीला शिव्या देतात. एसीचा गुन्हा आहेच, पण तो पुढचा. पहिल्या तासातली बरीचशी ऊब बाहेर जात नाही, शरीरातल्या शरीरात जागा बदलते. म्हणून भूल देण्याआधी अर्धा तास गरम हवेचं पांघरूण घालून हातपाय तापवले, तर ही घसरण पुष्कळ कमी होते.

आपल्याकडचा गुळव्या काहिलीतला रस नुसता बघून सांगतो, उतरवा म्हणून. माझी नजर तशी नाही, कुठल्याच भूलतज्ज्ञाची नाही. कपाळाला हात लावून आतलं तापमान कळत नसतं. त्यासाठी अन्ननलिकेत बारीक सेन्सर सोडावा लागतो.

हार्मोन डोळ्यांना दिसत नाही, त्यातून केवढा घोळ होतो याची एक गोष्ट सांगतो. दोनच मिनिटं. (मागून आवाज : होऊ दे, डॉक्टर!)

1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची 15 वर्षांची मुलगी पायाचं नख काढून घ्यायला आली. क्लोरोफॉर्म हुंगवला आणि काही मिनिटांत ती गेली. तिथून वाद पेटला, क्लोरोफॉर्मनं आधी काय थांबतं, श्वास की हृदय? चाळीस वर्षांनी हा वाद आपल्या दारात आला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे डॉ. एडवर्ड लॉरी ठासून सांगायचे, श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. 1888 साली त्यांनी आयोग नेमला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं शंका काढली, तेव्हा निजाम सरकारनं 1000 पौंड मोजले आणि म्हटलं, तुमचा माणूस पाठवा. 1889 साली लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटनही लॉरींच्या बाजूचे होऊन परतले. त्याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी तिथे रुग्णांना क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचं नाव घेतात. त्यांच्यावर खरं तर वेगळं व्याख्यान ठेवा, मी फुकट येतो. (टाळ्या)

आता गंमत ऐका. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना रक्तात अ‍ॅड्रेनलिन उसळलं, तर हृदय नुसतं थरथरतं आणि बंद पडतं. घाबरलेल्या माणसाच्या अंगात अ‍ॅड्रेनलिनच उसळतं! हृदयावरचा हा घाला हैदराबादच्या निकालात बसत नव्हता. बसणार कसा? अ‍ॅड्रेनलिन शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं 1901 साली. आयोगाचा प्रामाणिकपणा खरा, पण अर्धं कारण त्यांना मोजताच येत नव्हतं. आपल्याला तापमान मोजता येतं, तरी कितीदा मोजत नाही. याला काय म्हणायचं?

चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरलीत म्हणताहेत.

(श्रोत्यांतून : मग एसीच बंद करा की!) करतो, पण जाड गाऊन घालून, दिव्याखाली तीन तास उभं राहायला या. पुढच्या रांगेत माझे सर्जन मित्र बसलेत, म्हणून जास्त बोलत नाही. (हशा) पण पुरावा सांगतो. 1996 साली आंद्रेआ कुर्झ आणि डॅनियल सेसलर यांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे 200 रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाचं तापमान 36.6 अंशांवर राखलं, दुसऱ्याचं उतरून 34.7 झालं. उबदार गटात जखमेत पू झाला 6 टक्क्यांना, गार गटात 19 टक्क्यांना. गार गट घरीही अडीच दिवस उशिरा गेला. शरीर फार गार पडलं की कातडीच्या वाहिन्या पुन्हा आवळतात, जखमेला प्राणवायू कमी पडतो, रक्तही नीट गोठत नाही. जागं झाल्यावर नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळतं, हुडहुडी भरते आणि कमजोर हृदयावर ताण येतो. एसी असू दे. पेशंटवर गरम हवेचं पांघरूण असू दे आणि सलाइन कोमट असू दे. खोलीच्या तापमानाचं लिटरभर सलाइन शरीराला पाव अंशानं गार करतं.

ऊब म्हणजे शेक नव्हे, हे मात्र लक्षात ठेवा. एका दवाखान्यात सिझेरियन झालेली मुलगी कुडकुडत होती. दात वाजत होते, खांदे हलत होते; कमरेत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे पाय लाकडासारखे निपचित. सासूबाईंचा जीव कळवळला. प्लॅस्टिकच्या बाटलीत कढत पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून त्यांनी ती तळपायाला लावली. बाटली मला हातात धरवेना. टाच लाल झालेली आणि मुलगी म्हणते, ''बरं वाटतंय.'' तिला पाय होते कुठे कळायला? सासूबाईंना म्हटलं, ''आई, वाकळ घाला, दोन घाला, पण बाटली नको.'' त्या म्हणाल्या, ''मग शेक कधी द्यायचा?'' त्यावर बोलायला लागलो तर अध्यक्ष खुर्ची काढून घेतील.

भराभर दोन गोष्टी. नवजात बाळ कुडकुडत नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिन खांद्याच्या पात्यांमधली तपकिरी चरबी जाळतं, तीच त्याची ऊब. ती लवकर संपते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात ऊब राखणंही होतं. 1999 च्या त्यांच्या लेखात नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. श्रेय एकट्या उबेचं नाही, पण तिच्याशिवाय बाकीचं अपुरं.

दुसरी गोष्ट गुडघेदुखीच्या 'लगेच गुण येणाऱ्या' गोळ्यांची. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने खाल्लं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं सोडतात. ऑपरेशनच्या ताणात नेमकं तेच लागतं. नाही मिळालं तर बीपी कोसळतं.

चिठ्ठी परत आली, थांबतो. ऑपरेशन ठरलं की भूल देणाऱ्याला आदल्या दिवशी भेटा. थायरॉइडची, सांध्याची, कुठलीही गोळी चालू असेल तर तिचं पाकीट दाखवा; मनानं बंद करू नका. आणि एक प्रश्न विचारा, ''डॉक्टर, माझं तापमान मोजणार ना?'' भुलीच्या कागदावर नाडी आणि बीपीच्या जोडीला तापमानाचाही रकाना असतो. तो कोरा राहू देऊ नका.