पडद्यापर्यंत पोचतो तो आवाज



आज मला श्रवण मोजणाऱ्या उपकरणांच्या कॅलिब्रेशनविषयी बोलायचे आहे. आपल्या परिषदांमध्ये हा विषय उपकरणांच्या दालनात ठेवला जातो. माझ्या मते त्याची जागा मुख्य सभागृहात आहे, कारण आपला प्रत्येक निष्कर्ष त्यावर उभा असतो.

निरोगी कान स्वतःही आवाज करत असला पाहिजे, हे थॉमस गोल्ड यांनी १९४८ सालीच मांडले होते. डेव्हिड केंप यांनी लंडनमध्ये तो आवाज, म्हणजे ओटोअकूस्टिक एमिशन (ओएई), नोंदवला १९७८ मध्ये. तेव्हापासून कर्णनलिका हीच आपली प्रयोगशाळा झाली. पण ही प्रयोगशाळा माणसागणिक बदलते, आणि यंत्राला ते आपोआप कळत नाही.

प्रौढ माणसाची कर्णनलिका साधारण २५ मिलिमीटर लांब असते. कानात प्रोब (आवाज पाठवणारे आणि मोजणारे टोक) बसवल्यावर त्याच्या मायक्रोफोनपासून कानाच्या पडद्यापर्यंत समजा २० मिलिमीटर उरले. आपण पाठवलेल्या आवाजाचा बराच भाग पडद्यावर आपटून परत फिरतो. ज्या वारंवारतेला हे अंतर तरंगलांबीच्या पाव भागाइतके भरते, तिथे जाणारी आणि परतणारी लहर मायक्रोफोनपाशी एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. २० मिलिमीटरसाठी ही वारंवारता ४४०० हर्ट्झच्या आसपास येते. मायक्रोफोन म्हणतो आवाज कमी आहे, म्हणून यंत्र तो वाढवते. पडद्यापाशी मात्र तो आधीच पुरेसा असतो. जोनाथन सीगल यांनी १९९४ मध्ये हा दोष स्पष्ट दाखवून दिला. फरक १५ ते २० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, आणि २० डेसिबल म्हणजे दहापट दाब! स्क्रीनवरचा आकडा मात्र तेवढाच राहतो.

यावरचा उपाय अनेकांच्या कामातून घडला. ओमाहा येथील बॉइज टाउन संशोधन रुग्णालयातील नीली, गोर्गा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो ओएईच्या मोजणीत नेटाने वापरून पाहिला. आधी ठरावीक लांबीच्या धातूच्या नळ्यांमध्ये प्रोब बसवून त्याचा स्वतःचा स्रोतदाब आणि इम्पीडन्स (ध्वनिरोध) काढायचा. मग कानात मोजलेल्या एकूण दाबातून पडद्याकडे जाणाऱ्या लहरीचा दाब गणिताने वेगळा काढता येतो. २००८ मधल्या त्यांच्या अभ्यासात प्रोब एकदा खोल आणि एकदा उथळ बसवला होता. पुढे जाणाऱ्या दाबावर कॅलिब्रेशन केले तेव्हा ओएईमधली तफावत कमी राहिली.

श्रवणदोष आहे की नाही, एवढेच ठरवायचे असेल तर या पद्धतीने फार मोठा फरक पडत नाही, असे पुढच्या अभ्यासांत दिसले आहे. ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण सिस्प्लॅटिन घेणाऱ्या कर्करुग्णाचा विचार करा. त्याच्या श्रवणाची हानी उच्च वारंवारतेपासून सुरू होते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे आपली मोजणी सर्वांत डळमळीत आहे. दोन तपासण्यांत ओएई घटली, तर ती औषधामुळे की प्रोब दोन मिलिमीटर बाहेर राहिल्यामुळे? डोस बदलायचा की नाही, हे डॉक्टर आपल्या उत्तरावरही ठरवणार असतात. तिथे आपण अंदाजाने बोलू शकत नाही.

तान्ह्या बाळांची नलिका आखूड आणि अरुंद. २ घन सेंटिमीटरच्या कपलरमध्ये, म्हणजे चाचणीसाठीच्या कृत्रिम पोकळीत, ठरवलेला आवाज त्यांच्या कानात कितीतरी मोठा होतो. श्रवणयंत्र बसवताना हे आपण जाणतो. संशोधनात मात्र विसरतो.

सगळ्यांकडे महागडी यंत्रणा नाही, याची मला जाणीव आहे. पण टिप घट्ट बसली का हे पाहणे, दर सकाळी एकाच पोकळीत प्रोब तपासणे आणि ती नोंद वहीत ठेवणे यांना पैसे लागत नाहीत.

म्हणून माझी विनंती आहे. पुढील अधिवेशनासाठी येणाऱ्या प्रत्येक निबंधात प्रोब कोणता, कॅलिब्रेशन कपलरमध्ये केले की कानात, आणि दिलेला दाब एकूण की फक्त पुढे जाणारा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ज्यात ते नसेल, तो निबंध परीक्षण समितीने लेखकाकडे परत पाठवावा.