निकालाचा गुलाल रस्त्यावर नको

(सुट्टीच्या दिवशी एका लेबर कॅम्पच्या खोलीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



कपडे धुवायचे राहिलेत, घरी फोन करायचाय, मेसमध्ये भात शिजतोय, मला ठाऊक आहे. म्हणून एकच विषय घेतो. गावाकडे निवडणुकीचा निकाल लागतो, त्या रात्री इथे अमिरातीत आपण काय करायचं आणि काय करायचं नाही.

23 नोव्हेंबर 2024 आठवा. शनिवार होता. विधानसभेची मतमोजणी तिकडे सकाळी आठला सुरू झाली, तेव्हा इथे साडेसहा वाजले होते. कोणी बसमध्ये, कोणी साईटवर हेल्मेट घालून. दिवसभर खिशात फोन थरथरत होता. गावच्या ग्रुपवर जेसीबीतून उधळलेला गुलाल, डीजे, हार. रात्री कॅम्पवर आलो की कोणीतरी म्हणतोच, "चला रे, खाली रस्त्यावर जरा नाचू. पेढे वाटू. व्हिडिओ काढून गावाला पाठवू."

असं वाटण्यात काही चूक नाही. दोन-दोन वर्षं गाव बघायला मिळत नाही माणसाला. पण हा रस्ता आपल्या गावच्या चावडीसमोरचा नाही. सोनापूर असो, अल कूज असो, शारजात सजा असो की अबुधाबीत मुसफ्फा, इथे परवानगीशिवाय रस्त्यावर जमाव करता येत नाही. घोषणा देणं, पक्षाचा झेंडा नाचवणं तर लांबच राहिलं.

कोणी म्हणेल, "आपण कुठे मोर्चा काढतोय? आनंदच तर करतोय!" त्याला मी जुलै 2024 ची गोष्ट सांगतो. बांगलादेशात विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं होतं. इथले काही बांगलादेशी कामगार आपल्या देशातल्या सरकारविरुद्ध रस्त्यावर जमले. अमिरातीविरुद्ध त्यांचं काही म्हणणं नव्हतं. 57 जणांवर खटला चालला. तिघांना जन्मठेप, 53 जणांना दहा वर्षं, एकाला अकरा वर्षं, आणि शिक्षा भोगून झाली की हद्दपारी. अटकेपासून शिक्षेपर्यंत आठवडासुद्धा लागला नाही. पुढे बांगलादेशातलं सरकार बदललं, नव्या सरकारचे प्रमुख मुहम्मद युनूस यांनी विनंती केली आणि सप्टेंबरमध्ये अमिरातीच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. सुटले, पण परत पाठवले गेले. नोकरी गेली. एजंटाचं कर्ज मात्र माफीत येत नाही.

निषेध आणि जल्लोष यांत फरक आहे, मान्य. पण रात्री रस्त्यावर पन्नास माणसं, झेंडे आणि आरडाओरडा दिसला की पोलीस आधी गाडीत बसवतात. फरक समजावून सांगायची पाळी ठाण्यात येते, आणि ती अरबीत. आपल्यासाठी निकाल कोणाचाही लागला तरी हे सारखंच आहे.

"मग दुबईत दिवाळी एवढी धूमधडाक्यात कशी होते?" ती परवानगी घेऊन होते, ठरलेल्या जागी होते. राजकीय निकालाला तशी परवानगी मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

आणखी तीन गोष्टी नीट ऐका.

एक, फटाके. 2019 च्या कायद्याने परवान्याशिवाय फटाके आणणं, विकणं, बनवणं यांना किमान एक वर्ष कैद किंवा किमान एक लाख दिर्हम दंड आहे, दोन्हीही होऊ शकतं. कोणाकडून "दोनच माळा" घेऊ नका.

दोन, मोबाईल. 2021 चा सायबर गुन्ह्यांचा कायदा फार कडक आहे. दुसऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय काढून टाकला, तर दीड लाखापासून पाच लाख दिर्हमपर्यंत दंड आहे, आणि कैदही आहे. तुम्ही नाचताना मागच्या बंकवर झोपलेला नेपाळी भाऊ व्हिडिओत आला, तरी तो दुसराच माणूस आहे. रस्त्यावर जमायचं आवाहन ग्रुपवर टाकणं हा तर त्याहून मोठा गुन्हा. "मी फक्त पुढे पाठवलं" असं म्हणून सुटका होत नाही.

तीन, वर्गणी. पैसे गोळा करायचा अधिकार इथे फक्त परवाना असलेल्या संस्थांना आहे. गावच्या उमेदवारासाठी, मिरवणुकीसाठी कॅम्पभर पैसे जमवू नका, ग्रुपवर तसं आवाहन टाकू नका.

मग करायचं काय? खोलीत बसा. आपल्याच खोलीतल्यांनी मिळून पुरणपोळी करा, मटण करा. घरच्यांना व्हिडिओ कॉल लावा, तिकडचा गुलाल बघा. रात्रपाळीवाल्याची झोप मोडू नका. आणि हरलेल्या पक्षाचा माणूस त्याच खोलीत वरच्या बंकवर आहे हे विसरू नका. उद्या ताप आला तर तुमच्यासाठी गोळी आणणारा तोच आहे, आमदार नाही.

आता मुद्द्याचं. ज्या निकालावर आपण नाचणार, त्यात आपलं मत होतं का?

2011 पासून परदेशातल्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. फॉर्म 6अ, पासपोर्टवरच्या पत्त्याच्या मतदारसंघात. फी नाही, एजंट लागत नाही, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर जावं लागतं, मूळ पासपोर्ट घेऊन. म्हणून 2024 च्या लोकसभेला काय झालं बघा. देशभरात 1,19,374 परदेशस्थ मतदार नोंदलेले होते, मत दिलं 2,958 जणांनी. त्यातले 2,670 एकट्या केरळचे. तिथल्या प्रवासी संघटना मतदानासाठी विमानं ठरवून माणसं नेतात. आपल्या महाराष्ट्रात नोंदलेले 5,097, आणि मत दिलेले 17. सतरा!

सरकारी नोकरीत परदेशी नेमलेल्या माणसाला टपाली मत आहे. भर उन्हात सळई बांधणाऱ्याला नाही. 2018 मध्ये परदेशस्थ मतदाराला आपल्या वतीने दुसऱ्याला मत द्यायला लावता येईल असं विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत ते पुढे सरकलं नाही आणि 2019 मध्ये बारगळलं.

म्हणून आपल्या हातातली कामं अशी. नाव नोंदवा. गावी जायची सुट्टी मतदानाच्या सुमारास मागून बघा. इथल्या कायद्याने वर्ष भरलं की 30 दिवसांची पगारी रजा आहे. तारीख कंपनी ठरवते, पण आधी मागितली तर जमू शकतं. आणि पासपोर्ट. तो कंपनीच्या कपाटात असेल तर मतही त्याच कपाटात बंद आहे. कामगाराची कागदपत्रं अडवून ठेवायला 2021 च्या कामगार कायद्याने मनाई आहे. आधी कंपनीकडे लेखी मागा, देत नसतील तर कामगार मंत्रालयाचा 80084 किंवा आपल्या वकिलातीच्या प्रवासी मदत केंद्राचा 80046342 फिरवा.

शेवटचं. निवडणूक आली की उमेदवार आपल्या घरी येतो, आईच्या पाया पडतो, म्हणतो "पोराला सांगा, लक्ष असू द्या." तेव्हा आईला सांगून ठेवा, त्याला विचारायचं: "माझा मुलगा दुबईत आहे. त्याला तिथून मत देता यावं म्हणून तुम्ही काय करणार?" हे विचारायला रस्ता लागत नाही, परवानगी लागत नाही. पाच हजार घरांतून हा प्रश्न गेला, तर तो मुंबईपर्यंत आणि दिल्लीपर्यंत पोचेल.

फॉर्म भरायचा असेल त्याने जेवण झाल्यावर थांबा. पासपोर्टची प्रत आणि एक फोटो आणा. आपण इथेच बसून भरू.