नववर्षाचा संकल्प : घेणे आणि पुन्हा घेणे

(नववर्ष संमेलनातील भाषण)





१ जानेवारी ही तारीख आपणांस दोन नात्यांनी परिचित आहे. उपजीविकेसाठी आपण ज्या इंग्लंडमध्ये स्थायिक झालो, तेथे हा नव्या वर्षाचा आणि नव्या संकल्पांचा दिवस. आपल्या समाजासाठी हा भीमा कोरेगावच्या विजयस्तंभास मानवंदना देण्याचा दिवस. १८१८ सालच्या लढाईची स्मृती जपणाऱ्या त्या स्तंभास परमपूज्य बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली. तेव्हा या दिवशी संकल्प करणे आपणांस परके नाही. कठीण आहे ते पाळणे, आणि आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम आमचीच कबुली. मागील वर्षी याच व्यासपीठावरून आम्ही घोषणा केली की, दर रविवारी मुलांचा मराठी वाचनवर्ग भरेल. जानेवारीत चौदा मुले आली. फेब्रुवारीत बर्फ पडले आणि एक रविवार चुकला. पुढे कोणाची रात्रपाळी लागली, कोणाच्या मुलाची परीक्षा आली. मार्चअखेर वर्ग बंद पडला. वास्तविक तो बर्फामुळे बंद पडला नाही. चुकलेल्या रविवारानंतरचा रविवार आम्ही धरला नाही, म्हणून बंद पडला. ‘आता खंड पडलाच आहे, पुढच्या वर्षी नव्याने पाहू,’ अशी आम्ही आमच्या मनाची समजूत घातली.

त्याची किंमत मात्र मुलांनी मोजली. त्या चौदांपैकी एक मुलगा उन्हाळ्यात आईवडिलांसह गावी गेला. विहारात सायंकाळच्या वंदनेच्या वेळी आजीने मोठ्या कौतुकाने त्याच्या हाती बुद्धवंदनेची पुस्तिका दिली. त्याने ती उघडली, थोडा वेळ पाहिली आणि खाली मान घालून परत केली. आजी काही बोलली नाही. ज्या समाजाला अक्षराची बंदी होती, त्या समाजातील आजी पिकल्या वयात अक्षर शिकली आणि परदेशी शिकणारा नातू तेच अक्षर वाचू शकला नाही, ही गोष्ट आम्हांस फार लागली.

आमची चूक कोठे झाली? संकल्प एकदा मोडला की तो संपला, असे आम्ही मानले. आपल्या धम्माची शिकवण अशी नाही. आपण पंचशील ग्रहण करतो, तेव्हा प्रत्येक शीलास ‘सिक्खापद’ म्हणतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम. ती कोणा ईश्वराची आज्ञा नव्हे. म्हणूनच शील एकदा घेऊन भागत नाही. ते प्रत्येक मंगलप्रसंगी, प्रत्येक सभेच्या आरंभी आपण पुन्हा ग्रहण करतो. शिकणारा माणूस चुकणार, हे त्यात गृहीतच आहे.

वर्षावासाचा नियम पाहा. भिक्खूने पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहावे, असा विनय आहे. परंतु आई किंवा वडील आजारी असतील, तर त्यास जाण्याची मुभा आहे. अट एवढीच की, सात दिवसांच्या आत परत यावे. परतला तर वर्षावास मोडत नाही. भगवंतांच्या संघाने अडचण नाकारली नाही. तिला मर्यादा घातली. आमच्या संकल्पात नेमकी हीच तरतूद नव्हती.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९१६ साली ते लंडनला आले आणि अर्थशास्त्राचे व कायद्याचे शिक्षण त्यांनी सुरू केले. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे ग्रंथ पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाले. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून बचत केली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला आले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. १९२२ साली सादर केलेल्या प्रबंधात परीक्षकांनी फेरबदल सुचविले. त्यांनी मुंबईस परतून तो सुधारला, पुन्हा पाठविला आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळविली. किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी आपण मुलांना घेऊन जातो, तेव्हा बाबासाहेबांची विद्वत्ता सांगतो. तीन वर्षांच्या खंडानंतर ते सोडलेल्या जागी परत आले, हेही मुलांना सांगितले पाहिजे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास केलेली घोषणा त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास पूर्ण केली. मध्ये एकवीस वर्षे गेली, पण घोषणेचा विसर पडला नाही.

म्हणून या वर्षी प्रत्येक कुटुंबाने तीनच संकल्प करावेत, अशी आमची नम्र सूचना आहे. पहिला वाचनाचा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे आठ भाग आहेत. भाग लहानमोठे असले तरी प्रत्येकास सहा आठवडे दिल्यास अठ्ठेचाळीस आठवडे होतात. उरलेले चार आठवडे आजारपण, परीक्षा आणि गावच्या फेरीसाठी राखून ठेवावेत. दुसरा दानाचा. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले होते. शंभर पौंडांमागे पाच पौंड, एवढा साधा हिशेब आहे. पगाराच्या दिवशीच ते बाजूला काढावेत. महिनाअखेरीस काही उरत नाही. तिसरा मुलांचा. रोज दहा मिनिटे घरात मराठी वाचन व्हावे. आईची पाळी असेल तर वडिलांनी बसावे, दोघांचीही असेल तर थोरल्या भावंडाने धाकट्यास घेऊन बसावे.

खंड पडणारच. पडला तर सात दिवसांच्या आत परत यावे, हा आपला नियम. आणि हिशेब पाहण्यासाठी पुढचे वर्ष उजाडण्याची वाट पाहू नये. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवशी आपण एकत्र येतोच. त्या दिवशी घरातील सर्वांनी एकमेकांस विचारावे : कोठवर आलो? चुकल्याचे सांगण्यात कमीपणा नाही. भिक्खुसंघातही उपोसथाच्या दिवशी चूक सांगितली जाते आणि शील पुन्हा उजळले जाते.

मुलांचा वाचनवर्ग येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा सुरू होत आहे. मुले चौदा येवोत वा चार येवोत, वर्ग भरेल. बर्फ पडले, तर त्यानंतरच्या रविवारी भरेल. येत्या उन्हाळ्यात तो मुलगा आजीजवळ बसून वंदनेची एक तरी ओळ स्वतः वाचील, एवढेच ध्येय आम्ही आमच्यापुढे ठेवले आहे.

 नववर्षाच्या मंगल कामना!

नमो बुद्धाय! जय भीम!