कावळ्यापुढचं वचन

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. भाकरी थापत असाल तर थापा, शेंगा फोडत असाल तर फोडा. आजचा विषय जरा जड आहे, पण तो आपल्या प्रत्येकीच्या पोटात कधी ना कधी येऊन बसलेला असतो. आज बोलूया मरणाच्या भीतीबद्दल.

"तिन्हीसांजेला असलं अशुभ बोलू नये," असं म्हणत आपण हा विषय पुढं ढकलत राहतो. गटाच्या बैठकीत हप्ता, म्हशीचं दूध, पोरीचं लग्न, सगळं निघतं, फक्त हे निघत नाही. म्हणून गेल्या काही महिन्यांत बैठक संपली, सतरंजी गुंडाळायच्या आधी मी बायकांना विचारायला लागले, "मरणाची भीती वाटते म्हणजे नेमकी कशाची?"

एक म्हणाली, "मरायचं भ्या न्हाई, अंथरुणाला खिळायचं भ्या हाय." दुसरी म्हणाली, "पोरं बारकी हाईत, त्यांचं कोण बघणार?" एक आजी हळूच म्हणाल्या, "माझ्या पिंडाला कावळा शिवला न्हाई तर?" आणि एक वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "मालकांच्या आधी मी गेले तर बरं. मागं राहिले तर माझं काय करतील ते मी बघितलंय."

बघा, मरण एक, पण भीती चार. चारींवर उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून एकेक सोडवून बघूया.

आधी आजींचा प्रश्न घेते. मेल्यानंतर काय होतं? तिकडून परत येऊन कुणी सांगितलेलं नाही. पण आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात या एका प्रश्नाची किती उत्तरं एका गल्लीत नांदतात! बरेच हिंदू दहन करतात, रक्षा विसर्जन करतात, दहाव्याला पिंड ठेवतात. शेजारचे लिंगायत दहन करत नाहीत. देहाला बसवून माती देतात आणि माणूस लिंगैक्य झाला म्हणतात. शिरोळ, हातकणंगल्याकडं आपल्या जैन मैत्रिणी पुष्कळ. त्यांच्या धर्मात पिंड नाही. जीव लगेच पुढच्या जन्माला जातो असं ते मानतात. भोज गावचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेऊन, अन्न सोडून शांतपणे देह ठेवला. मुसलमान बहिणी दफन करतात आणि कयामतीच्या दिवशी सगळ्यांचा हिशोब होणार यावर श्रद्धा ठेवतात. बौद्ध मैत्रिणी आत्माच मानत नाहीत. त्यांच्याकडं किसा गोतमीची गोष्ट सांगतात. तिचं बाळ गेलं तेव्हा बुद्धांनी तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलेलं नाही त्या घरातून मोहरी आण. ती दारोदार फिरली, पण तसं घर काही मिळालं नाही.

आता या सगळ्याजणी आपल्या गटात एकाच सतरंजीवर बसतात. कुणाच्या पिंडाला कावळा शिवतो, कुणाला पिंडच नसतो. म्हणून काय पिंड नसलेल्या घरातली भली माणसं अडकून पडली म्हणायची? तसं कुणीच म्हणणार नाही. जिची जी श्रद्धा, ती तिनं जरूर धरावी, दुःखात तिचा आधार होतो. पण श्रद्धा आधार द्यायच्या ऐवजी धाक घालायला लागली की थांबून विचार करावा.

कावळ्याचंच घ्या. कावळा हुशार आणि बुजरा पक्षी. माणसांचा घोळका जवळ असला किंवा पोट भरलेलं असलं की तो खाली उतरत नाही. नदीकाठच्या घाटावर त्याला सवय असते, तिथं लगेच येतो. कुठं झाडंच तोडली असली तर कावळा येणार कुठून? आपल्या जुन्या माणसांनाही हे ठाऊक होतं. म्हणून तर त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवायची सोय ठेवली. रीत मांडणाऱ्यांनीच वाट मोकळी ठेवली असताना आपण कशाला भ्यायचं? पण काही घरांत कावळा आला नाही की बोट सुनेकडं जातं. "हिनं शेवटी बघितलं न्हाई, म्हणून सासूचा जीव अडकला." वर्षानुवर्षं जिनं हगणं-मुतणं काढलं, तिला एका पक्ष्याच्या भुकेवरून दोषी ठरवायचं, हा कुठला न्याय?

आता त्याच ठिकाणी दुसरंही काही घडतं, ते नीट आठवून बघा. कावळा येत नाही असं दिसलं की घरातले एकेक पुढं होतात. हात जोडून म्हणतात, "आबा, धाकटीचं लग्न आम्ही करतो." "आईला अंतर देत न्हाई." "भावाची वाटणी नीट देतो." मग कावळा शिवतो आणि सगळे डोळे पुसतात. मला या रीतीतलं हे फार खरं वाटतं. मरणाऱ्याच्या मनात काय अडकलं असेल ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. फक्त ते बोलायला आपण दहाव्या दिवसाची वाट बघतो. ज्याला ऐकायचं होतं तो तर गेलेला असतो. ऐकतो कावळा, आणि तो उडून जातो. पुढं आईला सांभाळलं की नाही हे विचारायला तो काही परत येत नाही.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे. जे वचन कावळ्यापुढं देणार, ते माणसापुढं द्या. जिवंतपणी द्या, चार माणसांत द्या, आणि जे कागदावर येतं ते कागदावर आणा.

इथं दुसऱ्या मैत्रिणीची भीती येते, पोरांचं कोण बघणार? पोरांना आईची माया दुसरं कुणी देणार नाही, ते खरं. पण पोटाची आणि शाळेची तजवीज आपल्या हातात आहे. बँक खात्याला वारस लावलाय का, बघून या. आपल्या गटाच्या रजिस्टरमध्येही वारसाचं नाव लिहा. बँकेत प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आहे. वर्षाला ४३६ रुपये कापतात, वय १८ ते ५० असताना नाव घालता येतं, आणि माणूस गेला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांचा, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यूला २ लाख. मे महिन्याच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेवा, नाहीतर हप्ता कापला जात नाही.

घरात कुणी गेलंच, तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा. जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज द्या, आणि त्यात बायकोचं आणि लेकींचं नाव आहे ना ते स्वतः वाचा. दुःखाच्या दिवसांत कुणी हक्कसोडपत्र पुढं केलं तर सही करू नका. "तेरावं होऊ दे, मग बघू" म्हणा. डोळ्यात पाणी असताना सही करायची नसते.

आणि तेराव्यासाठी कर्ज काढू नका. गटाचं तर नकोच, सावकाराचं त्याहून नको. जेवणावळीनं मेलेल्याचं पोट भरत नाही, पण व्याजानं जित्याचं रिकामं होतं.

आता त्या वहिनींची भीती. ही मरणाची भीती नाही, मागं राहण्याची आहे. कपाळ पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं. नवरा गेल्याचं दुःख असतंच, त्यावर हे. यावर वाट काढली ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावानं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला की आमच्या गावात हे प्रकार बंद. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन १०० वर्षं होत होती तो हा महिना. ज्या राजानं १९१७ साली आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, त्याला याहून चांगली आदरांजली कुठली? १७ मे २०२२ ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.

ठराव झाला म्हणजे काम झालं असं नाही. मयताच्या दारात ठराव वाचायला कुणी बसत नाही. तिथं पहिला हात पुढं येतो तो बायकांचाच, आणि तो थांबवायचा तर तोही बायकांनीच. आपल्या गटातल्या दोघींनी तिच्या दोन्ही बाजूंना बसायचं आणि एवढंच म्हणायचं, "राहू दे. तिला नको असेल तर काढायचं न्हाई." तिची स्वतःची इच्छा असेल तर ती वेगळी गोष्ट. पण विचारायचं तिला. आणि पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं तिलाही द्यायचं.

राहिली पहिली भीती, अंथरुणाची. आजारी माणसाला बऱ्याचदा मरणापेक्षा एकटेपणा जास्त खातो. आपण "काय होत न्हाई तुला, उगी बस" म्हणून त्याचं तोंड बंद करतो. त्यापेक्षा जवळ बसा, हात हातात घ्या, विचारा, "कशाची काळजी वाटते? कुणाला भेटायचंय?" शेजारीण अंथरुणाला असेल तर गटानं पाळी लावा, आज ही, उद्या ती. तिच्या सुनेला तेवढा तासभर डोळा लागू द्या.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. रात्र रात्र झोप नाही, छातीत धडधडतं, सारखं मरणच दिसतं, असं होत असेल तर ते बाहेरचं नसतं. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, फुकट आहे. साप चावला तर मांत्रिक नको. लगेच १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखाना गाठा. भूत काढतो म्हणून मारहाण करणं किंवा साप चावलेल्याचा दवाखाना अडवून मंत्र मारत बसणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मरण चुकत नाही. मेल्यानंतर काय, ते ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडूया. पण मरेपर्यंत आणि मागं राहिलेल्यांसाठी काय, ते आपल्या गावाच्या हातात आहे. पुढच्या बैठकीत वसुली झाली की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीनं एकच वाक्य बोलायचं, "माझ्यामागं माझं हे काम राहील, ते तू बघ." आणि जिच्याकडं बघून बोललात तिनं "व्हय, बघते" म्हणायचं. बैठकीच्या वहीत ते लिहून ठेवा.

येते मैत्रिणींनो. काळजी घ्या, आणि एकमेकींची घ्या. नमस्कार.